चेन की बेल्ट? चारचाकीत इलेक्ट्रिक मोटर बसवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गुऱ्हाळाचे रोलर आणि मागाचे शाफ्ट हे आमचं जुनं काम, ते अजूनही चालतं. पण गेली काही वर्षं वेगळी गिऱ्हाइकं येतात. स्पर्धेसाठी बग्गी (छोटी उघडी गाडी) बांधणारी इंजिनिअरिंगची पोरं असतात, शेतातल्या शेतात फिरवायला इलेक्ट्रिक गाडा हवा असलेले शेतकरी असतात, आणि दारातली जुनी मारुती 800 भंगारात द्यायला जीव होत नाही म्हणून तिच्यात मोटर बसवू पाहणारे हौशीही असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र लिहून ठेवतोय.

चेन तर मोटरसायकलला असते. चारचाकीला चालते का?

चालते, आणि पहिल्यापासून चालत आली आहे. कार्ल बेन्झच्या 1886 सालच्या पेटंट गाडीत इंजिनापासून मधल्या शाफ्टपर्यंत पट्टा होता आणि तिथून मागच्या दोन चाकांना दोन चेन. इंग्लंडमधल्या फ्रेझर नॅश गाड्यांत तर प्रत्येक गिअरला स्वतंत्र चेन असायची आणि मागे डिफरन्शिअलच (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसायचं. होंडाने 1963 मध्ये एस 500 आणली. तिच्यात डिफरन्शिअल बॉडीला बांधलेलं होतं आणि तिथून प्रत्येक मागच्या चाकाला तेलाने भरलेल्या बंद पेटीतून एकेक चेन जात होती. त्या पेट्याच सस्पेन्शनचे हात म्हणून काम करायच्या. एस 800च्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर होंडाने ही रचना सोडली, पण मला ती अजूनही डोकेबाज वाटते.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सीट. मूळ जर्मन गाडी, नंतर आकुर्डीत बनायची. इंजिन पुढच्या एकट्या चाकावर बसवलेलं आणि त्या चाकाला चेनने फिरवलेलं. मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला आपण ‘टेम्पो’ म्हणतो, ते त्याच नावावरून.

मग कंपनीच्या इलेक्ट्रिक कारमध्ये चेन किंवा बेल्ट का दिसत नाही?

कारण कंपनीला मोटर आणि चाक यांच्या फेऱ्यांचं एकच गुणोत्तर ठरवून लाखो गाड्या काढायच्या असतात. तेलात बुडालेले बंद गिअर त्यासाठी उत्तम: आवाज कमी, देखभाल जवळपास नाही. निसान लीफमध्ये ते 7.94 आहे, टेस्ला मॉडेल एसच्या सुरुवातीच्या गाड्यांत 9.73. टोयोटा प्रियसच्या पहिल्या दोन पिढ्यांत ट्रान्समिशनच्या आत चेन होती, पुढे त्यांनीही तिथे गिअर घातले. आजही बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) चेन असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही.

तुमचं-माझं काम उलटं असतं. आपली गाडी एकच, आणि गुणोत्तर पहिल्या फटक्यात बरोबर येईलच असं नाही. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बदलून तासाभरात ते बदलता येतं, ही चेनची खरी सोय आहे.

मला किती रिडक्शन लागेल?

मारुती 800चं चाक घेऊ. 145/70 टायर, 12 इंची रिम, म्हणजे बाहेरचा व्यास साधारण 508 मिमी. वजनाने टायर दबतो, त्यामुळे एका फेऱ्यात गाडी सुमारे 1.55 मीटर पुढे जाते. ताशी 60 किमी म्हणजे मिनिटाला 1,000 मीटर, म्हणजे चाकाचे 645 फेरे. मोटर मिनिटाला 4,500 फेरे घेत असेल, तर रिडक्शन हवं सात, म्हणजे मोटरचे सात फेरे तेव्हा चाकाचा एक.

सात एकाच टप्प्यात घ्यायचं म्हणून पोरं पुढे 11 आणि मागे 77 दाते काढून आणतात. 520 नंबरच्या (नंबरांचा अर्थ खाली दिलाय) चेनला 77 दात्यांचं स्प्रॉकेट 389 मिमी व्यासाचं होतं. चाकाचं केंद्र जमिनीपासून 245 मिमीवर, स्प्रॉकेटची त्रिज्या 195, त्यावर चेनची जाडी. खाली उरतात चार-साडेचार सेंटिमीटर. पहिल्याच स्पीडब्रेकरवर चेन आपटणार.

म्हणून मधला शाफ्ट घालून दोन टप्पे करा. 13ला 34 आणि 14ला 38 घेतले की गुणाकार 7.1 येतो आणि कुठलंही स्प्रॉकेट अंगाबाहेर जात नाही.

चेन नेमकी किती जोराने ओढते?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मोटरचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) 60 न्यूटन-मीटर धरा. 520 चेनच्या 13 दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या 33 मिमी. भागाकार केला की ओढ येते 1,800 न्यूटन, म्हणजे 184 किलो. साखरेची जवळपास पावणेचार पोती मोटरच्या शाफ्टच्या टोकाला आडवी लटकवल्यासारखं झालं. वर काढलेल्या दोन टप्प्यांच्या रचनेत दुसऱ्या चेनवर ही ओढ 450 किलोच्या घरात जाते. मोटर तीच, बॅटरी तीच. वेग कमी झाला, टॉर्क वाढला, म्हणून ओढ वाढली. पहिला टप्पा हलक्या चेनवर निभावतो, दुसऱ्याला जाड चेन लागते, ती यासाठीच.

ही ओढ मोटर आणि ॲक्सल यांना एकमेकांकडे खेचते. एका बग्गीची चेन पन्हाळ्याच्या चढावर, दर वेळी जवळपास त्याच वळणाला उतरायची. सपाटीवर कितीही पळवा, काही नाही. पोरांनी दोनदा चेन बदलली, एकदा स्प्रॉकेट बदललं. वर्कशॉपमध्ये अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही स्प्रॉकेटं एका रेषेत आहेत का, बघितली तर केसभर फरक नाही. शेवटी मी मागचं चाक लाकडी ठोकळ्याने अडवलं, मोटरच्या प्लेटशेजारी फ्रेमवर खडूची रेघ मारली आणि त्यांना थ्रॉटल हळूच द्यायला सांगितलं. 6 मिमीची प्लेट डोळ्यांदेखत तिरकी झाली. रेघेपासून तीन मिमी सरकली, थ्रॉटल सोडला की परत जागेवर. गाडी उभी असताना सगळं सरळ, चढावर सगळं वाकडं. चेनचा काहीच दोष नव्हता.

उपाय एका दुपारचा होता. मोटरच्या पुढच्या तोंडापासून ॲक्सलच्या बेअरिंग ब्लॉकपर्यंत चेनला समांतर एक पाइप टेकू म्हणून जोडला, एका टोकाला उलटे, दुसऱ्याला सुलटे आटे दिले, म्हणजे ताणही त्यानेच लावता येतो. त्यानंतर ती चेन उतरलेली नाही. चेन असो की बेल्ट, हा टेकू आधी आखा.

आणि स्प्रॉकेट मोटरच्या बेअरिंगला जितकं चिकटून बसवता येईल तितकं बसवा. शाफ्टच्या टोकाला बसवलं की तीच ओढ बेअरिंगवर कितीतरी जास्त पडते. काही गोल्फ-कार्ट मोटरींना शाफ्टच्या बाजूला बेअरिंगच नसतं, त्यांचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या आधारावर फिरतो. अशी मोटर स्वस्तात मिळाली म्हणून चेनवर घालू नका. घालायचीच असेल तर शाफ्टला बाहेरून आधार देणारं बेअरिंग करून घ्या.

चेन घेऊ की दात्यांचा बेल्ट?

बेल्टला तेल लागत नाही, आवाज कमी, आणि नीट बसवला तर वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. हार्ले-डेव्हिडसनने 1980 पासून मोठ्या मोटरसायकलींवर वापरला. आपल्या रस्त्यावर एथर 450 बेल्टवर चालते. ओला एस 1 आधी बेल्टवर होती, 2025 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत चेनवर गेली. दोन्ही रचना पुरतात, हे यावरून दिसतं.

कार्यक्षमतेत फार फरक नाही. तेलपाणी केलेली चेन 97-98 टक्के, चांगला बेल्टही त्याच्या आसपास. रेंज वाढेल म्हणून बेल्ट घेऊ नका.

फरक पडतो तो तीन गोष्टींनी. पहिली, बेल्टला लॉक (काढता येणारी जोडकडी) नसतो. चेनचा लॉक काढला की चेन हातात येते. बेल्ट अखंड असतो, त्यामुळे तो बदलायला ॲक्सलचं एक टोक पूर्ण मोकळं करावं लागतं. आखणी करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग रस्त्यात बेल्ट तुटला की मागचा अख्खा ॲक्सल उतरवायची वेळ येते. दुसरी, रुंदी. तेवढीच ओढ पेलायला बेल्ट चेनपेक्षा रुंद आणि पुली मोठी लागते. 8 मिमी पिचची (पिच म्हणजे दोन दात्यांमधलं अंतर) 34 दात्यांची पुली 87 मिमीची होते. मोठ्या पुलीमुळे ओढ 141 किलोवर येते खरी, पण बेल्टला आधीच ताण द्यावा लागत असल्याने शाफ्टवरचा एकूण भार पुन्हा 180 किलोच्या आसपास जातो. तिसरी गोष्ट खडी. चेनमध्ये खडा गेला तर बहुतेक वेळा चिरडून बाहेर पडतो. बेल्ट आणि पुलीमध्ये गेला तर आतल्या दोऱ्या कापतो, आणि ते वरून दिसत नाही.

म्हणून माझं मत असं: शेतात, खडीवर, उसाच्या फडात चालणाऱ्या गाड्याला चेन. डांबरी रस्त्यावर किंवा आवारात चालणाऱ्या गाडीला, खालून पूर्ण झाकता येत असेल तर, पहिल्या वेगवान टप्प्याला बेल्ट आणि दुसऱ्या संथ टप्प्याला चेन. मोटरजवळची चेनच जास्त किरकिर करते, आणि तिथे बेल्ट आला की गाडी एकदम शांत होते.

नवा बेल्ट काही दिवसांत तुटला. माल खराब होता का?

असेलही, पण आधी तो बसवण्यापूर्वी कसा ठेवला होता ते आठवा. माझ्याच वर्कशॉपमध्ये कार्बन दोऱ्यांचा एक महागडा बेल्ट दोन महिने खिळ्याला टांगलेला होता. खिळ्यावर जिथे तो दुमडला होता तिथेच, अगदी सरळ रेषेत, नंतर तुटला. कार्बन आणि काच यांच्या दोऱ्या ताणात जबरदस्त, पण त्यांना घडी सहन होत नाही. बेल्ट आला तसा खोक्यात, मोठ्या वेटोळ्यात ठेवा. चढवताना स्क्रूड्रायव्हरने पुलीच्या कडेवरून ढकलू नका, मोटर ॲक्सलकडे सरकवून ढिला करूनच चढवा.

428, 520, 530: हे नंबर काय सांगतात?

पहिला आकडा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर. 4 म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिमी. 5 म्हणजे पाच अष्टमांश इंच, 15.875 मिमी. पुढचे दोन आकडे आतली रुंदी: 20 म्हणजे पाव इंच, 30 म्हणजे तीन अष्टमांश. शे-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलींवर बहुधा 428 असते. हलक्या बग्गीला 520 पुरते आणि तिची स्प्रॉकेटं सहज मिळतात. फक्त पुढचं एका नंबरचं आणि मागचं दुसऱ्याच नंबरचं घेऊ नका.

पुढचं स्प्रॉकेट लहान ठेवलं तर बिघडतं काय?

चेन गोलावर बसत नाही, बहुकोनावर बसते. दाते कमी तितके कोन ठळक, आणि मोटर एकसारखी फिरत असली तरी चेन पुढे-मागे धक्के खात चालते. 11 दात्यांवर वेगातला हा चढउतार 4 टक्के असतो, 13वर 2.9, 17वर 1.7. इंजिनच्या गाडीत हे जाणवत नाही, कारण इंजिनच थरथरत असतं. मोटर शांत असल्यामुळे तोच धक्का घरघर म्हणून ऐकू येतो. 13च्या खाली जाऊ नका, जागा असेल तर 15-17 घ्या.

शक्यतो दाते विषम आणि चेनच्या कड्या सम ठेवा, म्हणजे तोच दाता त्याच कडीला पुन्हा पुन्हा भेटत नाही आणि झीज वाटली जाते. अर्धी कडी घालून लांबी जुळवू नका. ती सगळ्यात आधी तुटते.

डिफरन्शिअल लागतंच का?

गो-कार्टला नाही. रस्त्यावरच्या गाडीला हो. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आणि एकाच सरळ ॲक्सलवर दोन्ही चाकं घट्ट असतील तर आतलं चाक घासतं, गाडी सरळच जायला बघते. एकाच चाकाला चेन देऊन सुटका होत नाही, थ्रॉटल दिला की गाडी एका बाजूला ओढते.

रीजनरेटिव्ह ब्रेक लावला की टेन्शनर का तुटतो?

कारण ढिली बाजू बदलते. पुढे जाताना चेनची एक बाजू ताठ, दुसरी सैल. टेन्शनर, म्हणजे चेनची ढील खाणारा स्प्रिंगचा दाबक, सैल बाजूला असतो. ब्रेकिंगला मोटर जनरेटर झाली की सैल बाजू क्षणात ताठ होते आणि सगळी ओढ टेन्शनरच्या स्प्रिंगवर येते. मोटर उलटी फिरवून रिव्हर्स घेतलात तरी हेच.

इलेक्ट्रिक गाडीत स्प्रिंगचा टेन्शनर लावू नका. मोटर सरकवून ताण द्या आणि नटबोल्टने पक्का करा. कंट्रोलरमध्ये थ्रॉटल आणि रीजन दोन्हीचा चढ हळू ठेवा. मोटरचा पूर्ण टॉर्क शून्य फेऱ्यांपासून मिळतो, त्यामुळे चेनमधली ढील भरताना ‘खट्’ असा आवाज येतो. तो ऐकू येत असेल तर चढ अजून हळू करा. बेल्टला ताण कमी असेल तर याच क्षणी तो एक दाता उडी मारतो.

ताण आणि अलाइनमेंट कशी बघायची?

चेनला मधोमध बोटाने दाबून-उचलून पाहा. दोन केंद्रांतल्या अंतराच्या दोन-तीन टक्के हालचाल हवी, म्हणजे 500 मिमीला 10 ते 15 मिमी. पूर्ण फेरा फिरवत सगळ्यात ताठ जागी मोजा. सस्पेन्शन असेल तर दोन केंद्रं सगळ्यात लांब जातात त्या स्थितीत मोजा, नाहीतर खड्ड्यात चेन बेअरिंग फोडेल.

बेल्टला तारेसारखं छेडून ऐकतात. फोनवर वारंवारता मोजायचं ॲप घ्या आणि बेल्टच्या कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवा. तंबोरा लावता येणाऱ्याला हे काम पटकन जमतं, मी पाहिलं आहे.

अलाइनमेंटला गवंड्याची लाइनदोरी पुरते: मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडावरून ताणून पुढच्यावर आणायची. बेल्टला पाव अंशापेक्षा जास्त तिरकेपणा चालत नाही, म्हणजे 400 मिमीला पावणेदोन मिमी. आणि हे सगळं थ्रॉटल देऊन, चाक अडवून पुन्हा एकदा बघा. कारण वर सांगितलंच आहे.

चेनला कुठलं तेल?

90 नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने, चालवून आल्यावर चेन कोमट असताना. जळकं ऑइल नको, त्यात धातूचा चुरा असतो आणि चेनला तो पॉलिश पेपरसारखा खातो. ओ-रिंगची (पिनांपाशी रबरी कड्या असलेली) चेन रॉकेलने पुसा. पेट्रोलने रबर फुगतं.

चेन कधी बदलायची?

चेन ‘लांबते’ म्हणतो तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं, पिना आणि बुश झिजलेले असतात. 520च्या 20 कड्या ताठ धरून पिन ते पिन मोजा. नवी असताना 317.5 मिमी. 322च्या पुढे गेली की नवीची तयारी करा. 324ला बदलाच, आणि दोन्ही स्प्रॉकेटसकट. दाते हुकासारखे वळलेले दिसले तर मोजायचीही गरज नाही.

साधा व्ही-बेल्ट किंवा स्कूटरचा व्हेरिएटर चालेल का?

चालतो, पण कशाला? डच कंपनी डाफने 1958 मध्ये रबरी पट्ट्यांच्या व्हेरिओमॅटिकवर (गुणोत्तर आपोआप बदलत राहणाऱ्या रचनेवर) अख्खी कार आणली होती आणि आजचे सीव्हीटी, म्हणजे पायऱ्या नसलेले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्याच वंशातले. पण तो खटाटोप इंजिनासाठी होता, कारण इंजिनाचा टॉर्क ठरावीक फेऱ्यांतच मिळतो. मोटरला त्याची गरज नाही. घसरण्यात आणि पट्टा दाबण्यात बॅटरी वाया जाते.

गुऱ्हाळाच्या चरकाला पट्टा का असतो ते लक्षात घ्या. ऊस अडकला की पट्टा घसरतो आणि चरक वाचतो. तिथे घसरणं हा गुण आहे. चढावर आणि ब्रेकिंगला गाडीचा पट्टा घसरला तर काय होईल?

जुना गिअरबॉक्सच ठेवला तर?

मारुती 800 किंवा तत्सम गाडीत मी हेच सांगतो. तिच्या 796 सीसी इंजिनाचा टॉर्क साठ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे गिअरबॉक्स तेवढं पेलायलाच बनलेला आहे. डिफरन्शिअल आतच मिळतं. एक अडॅप्टर प्लेट आणि एक कपलर एवढंच लेथचं काम. फक्त मोटर आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत हवेत. डायल गेज लावून तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नका. चेन-बेल्टचा सगळा विचार बग्गी, गाडे आणि तीनचाकींसाठी ठेवा.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत आहे त्याहून वेगळा बदल मनाने करता येत नाही. पेट्रोलची गाडी इलेक्ट्रिक करायला एआयएस-123 मानकाखाली मंजूर झालेलं किट लागतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्याची चाचणी करतात, आणि त्यानंतर आरटीओकडून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. घरी बनवलेली चेन-ड्राइव्हची गाडी शेतात आणि स्पर्धेच्या ट्रॅकवरच चालवा.

चेन-बेल्ट झाकणारा गार्ड किती जाड हवा?

फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्या रेसिंग-कार स्पर्धेचे नियम मी सगळ्यांनाच लावायला सांगतो: चेनसाठी किमान 2.66 मिमी पोलादी पत्रा, चेनच्या तिप्पट रुंद. बेल्टसाठी 3 मिमी ॲल्युमिनियम, बेल्टच्या 1.7 पट रुंद. तुटलेली चेन चाबकासारखी येते, आणि बग्गीत ती चालकाच्या पाठीमागेच असते.

साफ करताना काय काळजी घ्यायची?

आमच्याकडे मागावर आणि चरकावर बोटं गेलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. इंजिन चालू असेल तर आवाज तरी येतो. मोटर गप्प असते, आणि कुणाचा तरी पाय थ्रॉटलला लागला की चेन फिरते. आधी बॅटरीचा मुख्य कनेक्टर काढून स्वतःच्या खिशात ठेवा, किल्ली काढणं पुरेसं नाही. मग चाक जॅकवर घ्या, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हातात फडक्याऐवजी ब्रश धरा. चेन स्प्रॉकेटमधून सुटून बाहेर येते तिथे तो लावा. जिथे ती आत शिरते तिथे हात न्यायचाच नाही.